नाक्यावर टांगलेले बाबा

"ताई, माइकवर माफी मागा. मग विषय संपला."

असं म्हणून त्या कार्यकर्त्यानं माइक माझ्या तोंडापुढे धरला. बाजूला हवालदार उभा. त्यानेच मला घरातून खाली आणलं होतं. वर सगळ्या मजल्यांच्या गॅलऱ्या माणसांनी भरलेल्या. सगळे ओळखीचे.

कळव्यात आमची बिल्डिंग आहे. पालिकेची निवडणूक लागली आणि गेटसमोरच भाऊंचं प्रचार कार्यालय उघडलं. भाऊ म्हणजे उमेदवार. रोज संध्याकाळी महाआरती, मग डीजे, मग भाषण. आपले कोण, बाहेरचे कोण, कोणाच्या दुकानातून मटण घ्यायचं नाही. दुसऱ्या मजल्यावर माझे बाबा ऑक्सिजनवर. त्या गोंगाटात मशीन चालू आहे की बंद तेही कळायचं नाही. नौपाड्यातल्या दवाखान्यात मी काम करते. घरी आले की आधी बाबांच्या नाकाशी हात धरायचे.

त्या दिवशी राहवलं नाही. पोलिसांच्या कंट्रोलला फोन केला. नाव कोणाला सांगू नका म्हटलं. "काळजी करू नका मॅडम," तिकडून उत्तर आलं. भाजी फोडणीला टाकली नाही तोच माझा मोबाइल वाजला. पोलीस नव्हते. भाऊंचा कार्यकर्ता होता.

"ताई, तुम्हाला आरतीचा त्रास होतो का?"

"माझा नंबर कोणी दिला तुम्हाला?"

तो नुसता हसला. मग हवालदार दारात. "चला खाली. दोन शब्द बोला, मिटवून टाका. घरात पेशंट आहे ना तुमच्या?" हे शेवटचं त्याने अगदी हळू, मायेनं म्हटल्यासारखं म्हटलं. मला कळायचं ते कळलं.

मी माफी मागितली. "माझी चूक झाली," म्हटलं. माझाच आवाज दोन्ही स्पीकरमधून माझ्या अंगावर आला. टाळ्या पडल्या. मग जयजयकार. तोही माझ्याकडून वदवून घेतला. जिच्या घरी माझ्या आमटीची वाटी जाते ती शेजारीण खाली फरशीकडे बघत राहिली.

वर आले. बाबा जागे होते.

"तुझा आवाज होता?"

"हो."

"माझ्यामुळे?"

मी त्यांच्या नाकावरची नळी सरळ केली. बाबांनी उभं आयुष्य कारखान्यात युनियनचं काम केलं. गेटवर लाठ्या खाल्ल्या. कोणा साहेबापुढे मान खाली घातली नाही. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यानंतर ते फारसं बोललेच नाहीत.

भाऊ निवडून आले. आमच्या बिल्डिंगने भरभरून मतं दिली. गच्चीची गळती थांबवून मिळाली होती ना. बाबांना मी निकाल सांगितला नाही. त्यांनी विचारला नाही. मग एका सकाळी ते गेले.

दहन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी दूध आणायला नाक्यावर गेले. समोर फ्लेक्स. भावपूर्ण श्रद्धांजली. बाबांचा फोटो, आणि वर हात जोडलेले भाऊ, बाबांच्या दुप्पट. पक्षाच्या रंगाची किनार. खाली लिहिलं होतं, 'आमचे ज्येष्ठ मार्गदर्शक'.

आमच्याकडे माणूस गेला की असे फ्लेक्स लागतातच. लोक तो मान समजतात. फोटो शेजारणीनेच दिला होता, चांगल्या मनाने. ती माझ्या मागे येऊन उभी राहिली. "काकांचा केवढा मोठा लावलाय बघ," म्हणाली. तिचे डोळे भरलेले होते. तिच्यावर रागावता येईना. स्मशानात मी रडले नव्हते. तिथे रडले, हातात दुधाची पिशवी घेऊन.

मग घरी गेले. स्टूल आणलं, सुरी आणली. दोऱ्या कापल्या. नाका बघत होता. हलणारं स्टूल धरायलाही कोणी पुढे आलं नाही.

दुपारी तोच हवालदार न्यायला आला. चौकीत साहेब चहा पीत होते.

"फ्लेक्स काढायला परवानगी घेतली होती का?"

"लावायला घेतली होती का?"

त्यांनी कप खाली ठेवला. "तुमच्या घरी दुःख आहे म्हणून समजावतोय ताई. भाऊंना सॉरी म्हणा. नाहीतर मला गुन्हा दाखल करावा लागेल."

मी हवालदाराकडे पाहिलं. आता माझ्या घरात पेशंट नव्हता. घरी कोणीच नव्हतं. हे मला खरं कळलं ते तिथे, त्या खुर्चीत. आणि भीती जी गेली ती गेलीच.

"करा दाखल," मी म्हटलं. "त्याआधी माझी तक्रार लिहून घ्या. कंट्रोलला केलेला माझा फोन भाऊंच्या ऑफिसात कोणी पोचवला?"

"ते आता जुनं झालं."

"माझे बाबा कालच गेलेत."

त्यांनी ती तक्रार घेतली नाही. मी दुसऱ्या दिवशी गेले. अजून जाते. दवाखाना सुटला की चौकीबाहेरच्या बाकावर बसते. येणारे जाणारे कुजबुजतात. शेजारीण बोलायची बंद झाली आहे. भाऊ पाच वर्षं कुठे जात नाहीत, मला माहीत आहे. माझ्यावर गुन्हा घाला, मी कोर्टात उभी राहीन. पण माझा नंबर ज्याने दिला, त्याचं नाव मला हवं आहे. वर्दीत असो की वर्दीबाहेर. ते लिहिलं जाईपर्यंत मी त्या बाकावरून उठणार नाही.