कोम्बो मामाचे दोन मासे

झुवेनाला राग यायला कारण लागत नसे, निमित्त पुरे. पेम्बा बेटावरच्या किचंगानी गावात तिच्या आईचा, बी किदावाचा, स्वभाव सगळ्यांना ठाऊक होता. त्यामुळे लेक कुणावर गेली हे विचारायची सोय नव्हती.

समुद्रातल्या जिवांचा अभ्यास करायला ती पेम्बाहून बोटीने शेजारच्या उंगुजा बेटावर गेली, तेव्हा पहिल्याच महिन्यात वर्गाला तिची ओळख पटली. सरांनी जिवंत ऑक्टोपस आणला होता. औषधाच्या पाण्यात त्याला हळूहळू गुंगी कशी द्यायची ते सर सांगत होते. तेवढ्यात तो झुवेनाच्या मनगटाला चिकटून वर सरकायला लागला. तिने त्याच्या डोक्याखालच्या फटीत अंगठा घातला, डोकं मोज्यासारखं उलटं केलं आणि मेलेला ऑक्टोपस टेबलावर टाकला.

"हे कुठे शिकलीस?" सरांनी विचारलं.

"आईच्या पोटात," ती म्हणाली आणि हात धुवायला गेली.

वसतिगृहात तिच्या खोलीतली पिली उंगुजाची. ती दारातूनच हात जोडायची. "बाई गं, पेम्बाच्या माणसाशी भांडू नये. तुमच्याकडे धडे कमी वाचतात आणि शाप जास्त." झुवेना तिच्यावर चप्पल भिरकावायची आणि मग दोघी एका ताटात मोगोचे कंद आणि मासे खायच्या. शापांवर आपला विश्वास नाही, असं झुवेना सांगायची. पण हालबदिरीचं नाव निघालं की तिचा हात घासाशी थांबायचा, हे पिलीने पाहून ठेवलं होतं. हालबदिरी म्हणजे चोर सापडत नसला की गावाने मिळून केलेलं वाचन. त्यानंतर चोराचं पोट फुगतं आणि तो मरतो. चोरीतलं ज्याने खाल्लं त्याचीही तीच गत होते.

तिसऱ्या वर्षी तिने आपल्याच गावासमोरचा खडक अभ्यासाला घेतला. किचंगानीत तो खडक वर्षातून तीन महिने बंद ठेवतात. तिथे कुणी पाय टाकायचा नाही, ऑक्टोपस मोठे होऊ द्यायचे, आणि ठरल्या दिवशी सगळ्या बायांनी लोखंडी गज घेऊन एकदम उतरायचं. त्या तीन महिन्यांत बायांच्या चुलीवर काय शिजतं ते विचारू नये. झुवेनाला फक्त मोजणीपुरती मुभा होती; ती पाण्याखाली पाटी घेऊन बिळं मोजायची. शुक्रवारी ती जात नसे. पण त्या शुक्रवारी ओहोटी मोठी होती, म्हणून गेली.

तिला आवाज आधी ऐकू आला नाही, छातीत लागला. कुणीतरी दाराएवढी फळी अंगावर हाणावी तसा. वर आली तेव्हा डाव्या कानातून रक्त वाहत होतं आणि आजूबाजूला मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. कुणीतरी मासे मारायला सुरुंग फेकला होता. ती परत खाली गेली. जिथे तिने चौतीस बिळं मोजली होती, तिथे चुरा होता. चुऱ्यात एक ऑक्टोपसची मादी अंड्यांच्या माळा धरून बसली होती. तिचे चार पाय तुटले होते, तरी उरलेल्यांनी ती अंड्यांवर पाणी मारत होती. झुवेना पाण्याखाली शिव्या देत राहिली. जो कुणी असेल त्याला आपल्या हाताने ठेचीन, असं तिने तेव्हा ठरवलं, आणि ते खोटं नव्हतं.

संध्याकाळी कोम्बो मामा आला. बी किदावाचा हा धाकटा भाऊ. झुवेनाला पोहायला त्यानेच शिकवलं होतं, कमरेला दोरी बांधून. त्याने ओट्यावर दोन चांगू मासे ठेवले, मोठे, आणि उभाच राहिला.

"रस्सा करून दे हिला," तो बहिणीला म्हणाला. "आज शुक्रवार होता ना. शुक्रवारी ही जाते कधीपासून?"

"बस की," झुवेना म्हणाली.

"नको. निघतो." त्याने तिच्या कानाकडे पाहिलंच नाही.

बी किदावाने मासे हातात घेतले, अंगठ्याने दाबले आणि शिजवायला घेतले. घरात दोघीच होत्या, दोघींनी खाल्ले. दुसरा मासा झुवेनाच्या ताटात आला, आणि काटे काढताना तिला पाठीचा कणा तीन ठिकाणी तुटलेला दिसला. कण्याला लागून काळं रक्त साकळलं होतं. गळाने किंवा जाळ्याने कणा मोडत नाही, सुरुंगाच्या धक्क्याने मोडतो. हे तिने दोन वर्षं पुस्तकात वाचलं होतं. तोंडातला घास तिने गिळला, कारण आई समोर बसली होती.

रविवारी गावात दवंडी झाली, की मंगळवारी मशिदीत हालबदिरी होणार. त्या दोन दिवसांत झुवेनाचा राग कुठे गेला ते तिलाच कळलं नाही. मामाचं पोट फुगतंय, आईचं फुगतंय, हेच डोळ्यांपुढे. शेवटी ती मशिदीत वाचन करणाऱ्या म्हाताऱ्या गुरुजींकडे, मालिम मासूदकडे गेली.

"वाचन थांबवता येतं का?" तिने विचारलं.

म्हाताऱ्याने मान हलवली. "येतं. चोराने स्वतः यायचं, ग्रंथावर हात ठेवायचा आणि सगळ्यांसमोर माफी मागायची. मग मी ग्रंथ मिटतो. पुढे देवाचा आणि त्याचा हिशेब."

ती तशीच मामाकडे गेली. तो जाळं शिवत होता. तिने काही विचारलं नाही, त्याने काही नाकारलं नाही.

"समुद्राला कुलूप लावतात का कुणी?" एवढंच तो म्हणाला. मग एक गाठ आवळत, "तू खाली आहेस हे मला माहीत नव्हतं पोरी."

"मामा, मंगळवारी चल. हात ठेव, माफी माग, सुटशील. तू नाही आलास तर आईसुद्धा जाईल. तिने खाल्लंय."

"लोक?"

"मालिम ग्रंथ मिटणार आहेत. त्यांच्या शब्दापुढे कोण जातंय?"

"तू शिकलेली आहेस," मामा म्हणाला. "तू म्हणतेस तर येतो."

मंगळवारी तिने त्याला हाताला धरून नेलं. त्याने ग्रंथावर हात ठेवला, नाव सांगितलं, माफी मागितली. मालिमने डोळे पुसले आणि ग्रंथ मिटला. झुवेनाला इतकं हलकं वाटलं की तिला हसू आलं.

अंगणाच्या बाहेर माणसं उभी होती. पहिला दगड कपाळावर लागला. मामा "माफ केलंय, माफ केलंय" म्हणत खाली बसला, आणि मग वल्ही सुरू झाली. बायांनी गज आणले होते. उघडायला अकराच दिवस उरलेला खडक, तीन महिन्यांची उपाशी चूल, सगळं त्या गजांत होतं. ज्यांच्या मांडीवर झुवेना खेळली त्या बाया कष्टाचं काम करावं तशा खाली मान घालून मारत होत्या. कुणी ओरडत नव्हतं. हाडं मोडल्याचे आवाज ऐकू येत होते. ती मामाच्या अंगावर पालथी पडली. एक गज तिच्या खांद्यात घुसला. मग कुणीतरी तिला केस धरून बाजूला ओढलं, दोघांनी मामाचा उजवा हात तिथे ओढून ठेवलेल्या होडीच्या काठावर धरला आणि तिसऱ्याने नांगराचा दगड उचलला. मालिम पायरीवरून हाका मारत होता. त्याच्या शब्दापुढे सगळे गेले होते.

बी किदावा धावत आली तेव्हा मारणारे दमून बाजूला झाले होते. मायलेकींनी त्याला होडीत घातलं. दवाखाना खाडीपलीकडे होता. अर्ध्या वाटेवर त्याच्या घशातली घरघर थांबली. झुवेना तरीही वल्हवत राहिली.

"थांब आता," आई म्हणाली. भावाचं डोकं तिच्या मांडीवर होतं.

"आई, मला वाटलं तुला शाप लागेल. तू मासे खाल्लेस, तुला ठाऊक नव्हतं..."

"मला ठाऊक नव्हतं?" बी किदावाचा आवाज चढला नाही. "चाळीस वर्षं मासे चिरतेय मी. दाबले तेव्हाच कळलं, कणा मोडलाय. जाणून खाल्ले. म्हटलं, शाप आलाच तर त्याच्या एकट्यावर नको."

झुवेनाने वल्हं आत घेतलं.

"शापाला मी आडवी येणार होते," आई म्हणाली. "माणसांना कशी येऊ? तू त्याला नेतेयस हे मला सांगितलंसुद्धा नाहीस."