मोशीच्या अलीकडे लागलेला समुद्र

मला गाडी लागायची. तशी साधी गोष्ट, पण सत्तरच्या दशकात चाकणहून पिंपरीला कंपनीच्या बसने जाणारी बिनलग्नाची टायपिस्ट रोज खिडकीतून ओकते म्हटल्यावर ती साधी राहते होय! बसमध्ये चाळीस पुरुष आणि मी एकटी. डिझेलचा वास, तंबाखूचा वास, आणि मोशी यायच्या आत माझं डोकं खिडकीबाहेर. कुणीतरी सांगितलं म्हणून फोडलेला कांदा नाकाशी धरला, तर कांदा हातात घेऊनच ओकले.

बसमधल्याच, कंपनीच्या स्टोअरमध्ये असलेल्या एका भाऊंनी बोटांवर महिने मोजायला सुरुवात केली. त्यांचं मोजून होईपर्यंत बातमी आमच्या आळीत, आईच्या कानावर.

आईने काही विचारलं नाही, नुसतं सांगितलं, "सोमवारपासनं घरी बसायचं. कामाबिमाला जायाचं न्हाई."

"अगं, मला गाडी लागते!"

"मग बाकीच्यांना कशी लागत न्हाई?"

नोकरी जाणार याचं दुःख होतंच. पण माझ्या आईला माझ्यापेक्षा त्या मेल्याची बोटं खरी वाटली, म्हणून मी रडले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात डोक्यात तिडीक घेऊनच जाडजूड इंग्रजी डिक्शनरी उघडली. म्हटलं, या दुखण्याला काही साहेबी नाव आहे का बघू. निघालं, नॉशिया. मूळ ग्रीक, आणि त्याच्या मुळाशी बाईही नाही आणि पोटही नाही. 'नाउस' म्हणजे जहाज, आपल्या संस्कृतातल्या 'नौ'ची सख्खी बहीण. जहाजात बसल्यावर जे होतं ते नॉशिया. मशीन बसवायला आलेल्या जर्मन इंजिनियरला विचारलं, तर गडी खुललाच. त्यांच्यात म्हणतात झेक्रांक, म्हणजे समुद्राने आजारी. फ्रेंच म्हणतात माल द मेर, समुद्राचं दुखणं. स्पॅनिश लोकांना तर कोरड्या रस्त्यावर, बसमध्ये मळमळलं तरी ते 'मारेओ'च, आणि त्यातला 'मार' म्हणजे समुद्र. अख्ख्या युरोपाने ओकाऱ्यांचं खापर समुद्रावर फोडलं होतं. कुणाच्या पोरीवर नव्हतं फोडलं.

संध्याकाळी हे सगळं आईला ऐकवलं. ती भाकरी थापत होती.

"समिंदर कुटं हाय चाकणात?" ती म्हणाली.

खरंच, आम्ही दोघींनीही समुद्र बघितला नव्हता. मी चिडून म्हटलं, "मग उद्या ये बसमध्ये आणि बघ स्वतःच्या डोळ्यांनी!"

आली की! ड्रायव्हरने पास विचारला तर "ही माजी लेक, ह्योच पास," म्हणून पहिल्या बाकावर बसली. जन्मभर बैलगाडी आणि स्वतःचे पाय, याशिवाय तिला वाहन ठाऊक नव्हतं. चाकण सुटलं तशी ती मला निरखायला लागली. थोड्या वेळाने निरखायची थांबली. मोशीच्या अलीकडे तिने माझ्या हातातला कांदा हिसकला, मला बाजूला ढकललं आणि खिडकीतून अशी काही ओकली की ड्रायव्हरने बसच थांबवली.

मी स्टोअरवाल्या भाऊंकडे वळले आणि ओरडले, "मोजा की आता! पंचावन्न वर्षांच्या बाईचे महिने मोजा! बोटं झडली का?"

कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळी बस हसली. भाऊंनी हात खिशात घातले.

आईने पदराने तोंड पुसलं आणि माझं मनगट धरलं.

"रोज असं हुतं तुला?"

"रोज."

"आन् तरी जातीस?"

"जाते."

पुढे पिंपरीपर्यंत तिने मनगट सोडलं नाही. उतरल्यावर मी म्हटलं, संध्याकाळच्या बसपर्यंत थांब, बरोबर जाऊ.

"त्या समिंदरात पुन्यांदा न्हाई बसायची बाई मी," ती म्हणाली, आणि खरोखरच चाकणच्या दिशेने चालायला लागली. चार पावलं गेल्यावर वळली.

"सोमवारी दोन कांदे घे," म्हणाली.