मंगळवारची पेज

रामनगरात माझा मिरची कांडायचा डंक आहे. जोयड्यापासून कुळगीपर्यंतच्या होमस्टेंना आमचीच तिखट चटणी जाते. धंदा असा वाढला की लोक म्हणायचे, देवीचा हात आहे तुझ्यावर. मला मात्र झोप नव्हती, छाती धडधडायची, जेवताना तिखट-मीठ कळायचं नाही. बेळगावच्या डॉक्टरांनी बजावलं, "विश्रांती घ्या, नाहीतर अंथरूण धराल." बायको रडली. झोप लागू दे म्हणून मी देवीपुढे हात जोडायचो, पण मनात यायचं, हिच्याकडे मागतोय काय आणि ही देतेय काय!

सुप्याच्या धरणावर वीज तयार होते, आमच्याकडे मात्र ती पाहुण्यासारखी येते. एका सोमवारी ती आलीच नाही, कांडण अडलं, म्हणून नंदिगड्ड्याची खेप मंगळवारी घेऊन निघालो. गावात शिरलो तर सगळं शांत. जत्रेआधी देवीचे वार पाळतात. त्या दिवशी शेतात पाऊल नाही की ओझ्याला हात नाही. धंद्याच्या नादात माझ्या ते ध्यानातच राहिलं नव्हतं. पोती उतरवायला कोणी येईना. चिडून एकट्यानेच पोतं ओढलं आणि डोळ्यांपुढे अंधारी आली.

शेजारच्या घरातली एक मावशी धावत आली. मला धरून तिने ओट्यावर बसवलं.

"मावशी, मला अजून लई ठिकाणी जायाचं हाय."

"न्हाई जायाचं. आज वार हाय. देवीबी आज बसून हाय, मग तूच कोण मोठा लागून गेलास?"

तिने गरम पेज आणि आंब्याचं लोणचं पुढे ठेवलं. पहिल्याच घोटाला जिभेला मीठ कळलं आणि मला रडू आलं. तिथेच लवंडलो. जाग आली तेव्हा उन्हं कलली होती आणि मावशी पदराने माझ्यावरच्या माश्या हाकलत बसली होती. ती देवी होती असं मी म्हणणार नाही. पण सोमवारी वीज आली असती तर तिच्या ओट्यापर्यंत मी पोचलो नसतो, एवढं खरं.

तेव्हापासून दर मंगळवारी डंक बंद असतो. काही गिऱ्हाइकं तुटली, त्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण झोप परत आली. पहिल्याच मंगळवारी मागच्या दारी कोणीतरी गुणगुणत होतं. बघितलं तर बायको, भांडी घासत.

"कधीपास्नं गातीस गं?"

"रोजच की. डंकाच्या आवाजात तुमास्नी ऐकू येत न्हवतं."

आता मंगळवारी देवीपुढे दिवा लावतो, काही मागत नाही, आणि मागच्या दारी जाऊन बायकोजवळ बसतो.