मी बोलल्याशिवाय एक जिंका

माझी बायको मला रोज संध्याकाळी ठार मारायची.

सहा वाजता चहा. मग विमानं.

शोभा ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायची. मी तिथेच मराठी. घरी हॉलमध्ये दोन टेबलं, दोन कॉम्प्युटर, दोन जॉयस्टिक. जॉयस्टिक घसरू नये म्हणून खाली टॉवेल. सोलापुरात टॉवेलला तोटा नाही.

गेम जुन्या लढाऊ विमानांचा. ऑनलाइन. त्यात मोठमोठ्या टोळ्या करूनही लढता येतं. आम्ही दोघंच लढायचो. एक ती, एक मी.

अशा लढाईचा एक रिवाज आहे. दोन्ही विमानं समोरासमोर येतात. एकमेकांच्या शेजारून निघून जाईपर्यंत गोळी झाडायची नाही. ओलांडलं की सुरू. कुणी सक्ती करत नाही. सगळे पाळतात.

शोभाही पाळायची. बाकी कशाची हमी नव्हती.

“अहो, पाणी आलं!”

मी उठायचो. आमच्याकडे पाण्याचा दिवस चुकवून चालत नाही.

नळ कोरडा. परत येईपर्यंत माझं विमान जळत असायचं.

“शत्रूचं ऐकून कुणी उठतं व्हय?”

माझी खोड एकच. तिचं विमान दिसलं की मी जॉयस्टिक पोटापर्यंत ओढायचो. लवकर वळायचं, लवकर तिच्या मागे पोचायचं. जास्त ओढलं की विमानाचा वेग जातो. वेग गेला की ते हवेत नुसतं लोंबकळतं. मग तिला फारसं काही करावं लागायचं नाही.

“लई ओढताय. कुटं जायची घाई आहे?”

“तू पुढे आहेस.”

“असू दे की. मी वळतेय, माझा स्पीड चाललाय. तुम्ही वर जावा. वरनं बघत बसा. माझा स्पीड संपला की खाली या.”

“आणि तोवर?”

“तोवर थांबायचं. पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचणारा माणूस तुम्ही. तुम्हाला कसं जमणार!”

ती मूळची वळसंगची. घाईत कन्नडवर जायची. ताळ्री, ताळ्री. थांबा, थांबा.

मला ते कधी जमलं नाही.

मग तिचा उजवा हात अधू होऊ लागला. आजाराचं इथे लिहीत नाही. हे वाचणाऱ्या आमच्या ओळखीच्यांना ते माहीत आहे.

जॉयस्टिक धरवेना, त्या दिवशी तिने स्वतःचा कॉम्प्युटर बंद केला आणि खुर्ची माझ्या मागे आणून ठेवली.

आता मी अनोळखी लोकांशी लढायचो. ती मागून बोलायची.

“त्याच्याकडं बघा. स्पीडचे काटे कसले बघताय?”

“आता येऊ खाली?”

“ताळ्री.”

“आता?”

“थांबा म्हटलं ना. … आता. या. या की!”

मी जिंकायला लागलो.

मला आनंद झाला. तिला नाही.

“हे मी जिंकले. हात तेवढे तुमचे.”

“मग काय करू?”

“मी बोलल्याशिवाय एक जिंका. मला बघायचंय.”

त्यानंतर ती ओठ घट्ट मिटून बसायची. मी ओढायचो. मागे खुर्ची करकरायची. एकदा तिने स्वतःच्या तोंडात पदराचा बोळा धरला होता. शब्द नाही.

हरलो की मात्र तिचा बांध फुटायचा. तो वळला तेव्हा तुम्ही कुठे बघत होता, एवढी उंची होती ती कशाला घालवली, वर्गातली पोरं परवडली. बोलता बोलता ती हात हवेत फिरवायची. डावा हात म्हणजे तो, उजवा म्हणजे मी. उजवा नीट उचलला जायचा नाही. माझं विमान नेहमी खालीच राहायचं.

मला ते बोलणं आवडायचं. जिंकलो असतो तर ती काय बोलली असती, मला माहीत नाही.

शेवटी दवाखान्यात होती तेव्हा मी दुपारी तासभर घरी येऊन जायचो. अंघोळ, डबा. एकदा एक लढाईही.

परत गेलो. तिने डोळे उघडले.

“झालं का?”

“नाही.”

“लई ओढताय,” ती म्हणाली.

तिने पाहिलं नव्हतं. पाहायची गरज नव्हती.

त्यानंतर आम्ही विमानांबद्दल बोललो नाही. फारसं कशाबद्दलच बोललो नाही.

आज एक वर्ष झालं.

सकाळी वर्षश्राद्धाला नातेवाईक येऊन गेले. जेवणं झाली. भांडी घासून झाली. सहा वाजता चहा केला आणि बसलो.

समोर कुणी परदेशातला. चांगला खेळणारा.

ओलांडलं. तो लगेच जोरात वळला.

मी ओढलं नाही.

वर गेलो. तो खाली वळत राहिला. एक घेर, मग आणखी एक. प्रत्येक घेरात थोडा जड. मी त्याच्यावरून नजर काढली नाही. त्याने नाक वर उचललं, माझ्याकडे यायला बघितलं, आणि त्याला येता येईना.

तेव्हा खाली आलो.

माणूस गेला तरी त्याचा आवाज कानात राहतो म्हणतात. तो ऐकू येतोय का ते मी पाहिलं. पंखा फिरत होता. खाली रस्त्यावर कुणीतरी रिक्षा रिव्हर्स घेत होतं. बाकी काही नाही.

हाताने आपलं आपण केलं.

जिंकलो.

मग पडद्यावर त्याचा मेसेज आला. छान लढलात. कुणाकडून शिकलात?

मी लिहिलं, बायकोकडून.

त्याने लिहिलं, त्यांना माझा सलाम सांगा.

मी लिहिलं, सांगतो.

शोभा, त्याने सलाम सांगितलाय.

एक जिंकलो. तू बोलली नाहीस.

आता बोललीस तरी चालेल.