गौडांच्या खोलीतला झोका

गदगजवळच्या आमच्या गावात कल्लव्वाने बावीस वर्षं अंगणवाडी चालवली. तिच्या तोंडून कौतुकाचा शब्द कुणी ऐकला नव्हता. खोली गौडांची, म्हणजे गावच्या पाटलांची, म्हणून त्यांची बायको, गौडसानी गिरिजव्वा, रोज उंबऱ्यात येऊन उभी.

"माझ्या नातवाला शंभरापर्यंत पाठ आहे. तरी त्याला मागेच बसवतेस?"

"पाठ तुम्ही करून घेतलंत, अक्का. मणी ओवताना एक निसटला की मृत्युंजय दोराच फेकतो. हवं ते मागत नाही, ओरबाडतो. ही होन्नी बघा, चारदा चुकली, पाचव्यांदा ओवला. अडलं की विचारते, म्हणून पोरं तिला दाखवतात. असंच शिकतं लेकरू."

"स्वयंपाकणीची पोर ती. गौडांचं पोर कुणाला विचारणार?"

"मग बसू दे मागे."

नागपंचमीला कल्लव्वाने तुळईला झोका बांधला. नियम दरवर्षीचाच: दुसऱ्याला विचारायचं, तो ढकलेल तर बसायचं, उतरलं की त्याला झोका द्यायचा. मृत्युंजय धावत जाऊन बसला. कुणी हललं नाही. हातातली शेंगांची उंडी, सणाचे दाण्याचे लाडू, खात पोरं नुसती बघत राहिली.

"ए होन्ने, ढकल त्याला," गौडसानी म्हणाली.

"होन्ने, जागची हलू नकोस. तो विचारेल."

"चार वर्षांच्या पोराशी वैर धरतेस?"

"वैर तुमच्याशी. त्याला शिकवतेय."

गौडसानी पदर खोचून स्वतः पुढे झाली, तर नातू सगळ्यांदेखत ओरडला, "अज्जी, तू नको." ते तिला झोंबलं.

"उद्यापासून खोली बंद," ती म्हणाली.

सकाळी खरंच कुलूप होतं. कल्लव्वाने घरून विहिरीचा दोर आणला आणि हनुमप्पाच्या देवळापुढच्या कडुनिंबाला बांधला. देवाच्या दारात तरी गौडांची मालकी नव्हती.

होन्नी झोक्यावर होती, तेवढ्यात मृत्युंजय आजीचा हात सोडवून पळत आला. झोक्यामागे जाऊन उभा राहिला. मग त्याने झोका ढकलला, जोरात.

"हळू रे."

त्याने हळू ढकलला. "होन्ने, मग मला देशील?"

"घरी चल," गौडसानी लांबूनच म्हणाली.

"थांब अज्जी. माझी पाळी आहे."

कल्लव्वाने मान वर केली नाही. शाबास म्हणाली नाही.

कुलूप तसंच राहिलं. उरलेला पावसाळा पोरं देवळाच्या ओसरीत दाटीवाटीने बसली, गळत्या पत्र्याखाली. कल्लव्वाच्या एका शब्दाने किल्ली मिळाली असती, किंवा गौडसानीच्या एका शब्दाने दिली गेली असती. पण तो शब्द घेऊन दोघींपैकी एकही दुसरीच्या दारी गेली नाही.