बंद गिरणीतली घाणेरी

संप संपला असं कोणी जाहीर केलं नाही. लालबागच्या आमच्या चाळीमागची गिरणी मात्र बंदच राहिली. माणसांना आत जायची मनाई, झुडपांना कोण अडवणार? दोन-तीन पावसाळ्यांत आवारात घाणेरी माजली, तिच्या आडोशाला रुई आणि एरंड. मग विनाअर्ज भरती सुरू झाली. घाणेरीच्या काळ्या फळांवर बुलबुल, काटेरी जाळीत मुनियांची घरटी, खाली पाचोळ्यात सरडे-उंदीर, त्यांच्या मागावर मुंगूस आणि भारद्वाज. सगळे पहिल्या दिवसापासून कायम. बदली कामगार कोणी नाही.

भारद्वाज दिसणं शुभ, ही समजूत बाबांनी कोकणातून येतानाच सोबत आणली होती. साचाखात्यातलं त्यांचं कापड विणायचं काम गेलेलं, सकाळ रिकामी. चहा घेऊन ते मजल्यावरच्या इतर गिरणीवाल्यांबरोबर मागच्या गॅलरीत उभे राहत. झुडपातून तांबूस पंख हलले की आत येऊन सांगत, "आज कुकुडकोंबो दिसलो. गिरणी सुरू होतली."

आई लोकांसाठी पोळ्या लाटून घर चालवत होती. ती मान वर न करता विचारी, "तो युनियनचो आसा की मालकाचो?"

गिरणी बंद म्हणून झुडपं, झुडपं म्हणून पक्षी, आणि पक्षी दिसला म्हणून गिरणी उघडणार! या गणितातला घोळ त्या पुरुषांच्या डोक्यात कधी शिरला नाही.

एकदा रखवालदार म्हणाला, आवार साफ करायचंय, आतल्या यंत्रांची पाहणी आहे. बस्स, एवढं पुरलं. मजूर कशाला, आपली गिरणी आपणच साफ करू, म्हणत सगळे कोयते घेऊन फुकट राबायला गेले. दसऱ्याला साचे पुजायचे त्याच हौसेने त्यांनी झुडूप न् झुडूप मुळापासून उपटलं आणि फाटकाला झेंडूचं तोरण बांधलं. मुंगूस भिंतीवरून पळालं, भारद्वाज उडाला. बाबा म्हणाले, "त्याचा काम झाला." उंदीर मात्र चाळीत शिरले, थेट आमच्या पिठाच्या डब्यापर्यंत.

त्याच आठवड्यात ट्रक आले. वाटेत काटा उरला नव्हता, चाकं सरळ खात्याच्या दाराशी गेली. साचे सुटे होऊन भंगारात निघाले. बाबा गॅलरीतून पाहत होते. मला त्यांचा संताप आला होता आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं. आई आत पोळ्या लाटत होती.

शेवटचा ट्रक बाहेर पडला तेव्हा रखवालदाराने खालून हात केला. "काका, मस्त साफ केलात हां! गाडी कुठे अडली नाय."

बाबांनी सवयीने हात वर केला.