दोन बोटं कमी पडलेला दरवाजा

फोन आला तेव्हा मी एका घरी स्वयंपाकाच्या ओट्याची उंची मोजत होतो. "वसंताभाऊ गेले," पलीकडून कुणीतरी सांगितलं. मी "बरं" म्हणालो आणि टेप पुढे ओढला. ओटा अडीच फूट एक इंच भरला. तो आकडा लक्षात आहे, त्या दिवसाचं बाकी काहीच आठवत नाही... रडू तेव्हा आलं नाही आणि महिना उलटला तरी आलेलं नाही.

वसंताभाऊंनी उभी हयात गडचिरोलीच्या जंगलातून एसटी चालवली. रिटायर झाल्यावर लिलावात एक जुनी जीप घेतली, वरोऱ्याला घरामागे आणून उभी केली आणि शेजारी घरांचे नकाशे काढणारा राहतो म्हणून माझ्याकडे आले. "प्रकाशभाऊ, गाडीले खोली पाहिजे. आन् त्याच खोलीत मले खाट पाहिजे. बुढी रागावली त जाऊ कुठी?" बुढी म्हणजे वहिनी, जिच्या हातचा चहा मिळाल्याशिवाय हा माणूस सकाळी बोलत नसे. मग आम्ही कित्येक संध्याकाळी नकाशा काढला आणि खोडला. खिडकी मोहाच्या झाडाकडे हवी, खाटेवरून जीपचं तोंड दिसायला हवं, रेडिओला फळी, पाहुण्यांसाठी भंगारातून आणलेलं एसटीचं सीट. मी बंगलेही काढलेत, पण इतका जीव लावणारा मालक दुसरा भेटला नाही.

आणि तिथेच मी माती खाल्ली. मापं घेतली तेव्हा जीपचे चारही टायर बसलेले होते. मी आहे ती उंची मोजली, वर चार बोटं सोडली आणि दरवाज्यावर काँक्रीटचा आडवा लिंटल ओतून घेतला. पुढे नवे टायर बसले, जीप ताठ उभी राहिली आणि दारातच अडली. दोन बोटं कमी! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, लिंटल फोडून देतो म्हणालो. वसंताभाऊ मात्र पोट धरून हसले. "फोडता काऊन? हवा काढू, अंदर घेऊ, मंग भरू."

पुढे प्रत्येक फेरीला त्यांनी तेच केलं. दाराशी हवा काढायची आणि आत गेल्यावर पायपंपानं पुन्हा भरायची, कारण चपट्या टायरवर गाडी उभी ठेवणं त्यांच्या ड्रायव्हरकीत बसत नव्हतं. बाहेर काढताना तोच खटाटोप. मी दर दिवाळीला म्हणायचो, यंदा लिंटल वर घेऊ. "राहू द्या, भाऊ. पंप मारता मारता तुमची आठवण काढून राह्यलो," ते म्हणायचे. मीही राहू दिलं. याचा मला आता राग येतो.

ते गेले त्याच खाटेवर, दुपारी. सकाळीच जीप फिरवून आणली होती.

मागच्या आठवड्यात त्यांचा मुलगा जीप गडचांदूरला न्यायला आला. हवा काढायला तो टायरशी बसला आणि वहिनी पुढे झाल्या. "हात नको लावू. त्यायनं भरलेली हवा हाय ते." मग माझ्याकडे वळल्या. "भाऊ, दरवाजा फोडा."

गवंडी बोलावून मी लिंटल फोडला. दुपार गेली. जीप ताठ बाहेर पडली, टपाला कुठे खरचटलंसुद्धा नाही. वहिनींनी पायपंप पुसून खाटेखाली सरकवला. जाण्याआधी मी एक टायर अंगठ्यानं दाबून पाहिला. घट्ट होता. हवा न काढताही हळूहळू कमी होते, हे ड्रायव्हरच्या बायकोला मी काय सांगणार?